टार्पसाठी सुटं ‘सिलिकॉन सोल्यूशन’ घेऊ नका

घरी शिवलेल्या टार्पला (ट्रेकमध्ये डोक्यावर ताणायच्या कापडी छपराला) पाणी आत येऊ नये म्हणून लावायला पुण्यात मोठ्या कॅनमधून सुटं ओतून दिलेलं ‘तयार सिलिकॉन सोल्यूशन’ आम्ही 900 रुपये लिटरने घेतलं. निघालं टर्पेंटाइनमध्ये मिसळलेलं सिलिकॉन तेल.

दुकानातलं प्रात्यक्षिक बघून कोणीही फसेल. विक्रेता कापडाच्या तुकड्यावर पाणी टाकतो आणि थेंब अळवावरच्या पाण्यासारखे घरंगळतात. पण ते तेलानेही होतं. तेल धाग्यांवर बसतं, मधली भोकं बुजवत नाही. राजमाचीच्या पावसात थेंब जोरात आपटले की तुषार आत येतात, आणि पाणी साचलं तिथून ठिबकतं. चार वेळा भिजलं की घरंगळणंही संपतं, चिकटपणा मात्र उरतो आणि कापड माती धरतं.

खरं तर शंका कॅन पाहूनच यायला हवी. भोकं बुजवायला लागतं ते सीलंटचं, म्हणजे फटी भरायच्या ट्यूबमधलं सिलिकॉन, आणि ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. दिवसभर उघडझाप होणाऱ्या कॅनमध्ये ते पातळ राहीलच कसं?

पैसे देण्याआधी थोडा नमुना मागा. ताटलीत 100 ग्रॅम ओतून दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवा. मिश्रण एकास दहाचं (वजनाने एक भाग सीलंट, दहा भाग टर्पेंटाइन) असेल तर सुमारे 9 ग्रॅमचा, नखाने सोलता येणारा रबरी पापुद्रा उरायला हवा. आमच्या ताटलीत उरला तो बोटाला लागणारा तेलकट ओघळ.

त्यापेक्षा घरीच बनवा. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या शुद्ध सिलिकॉन सीलंटची 280 मिलिची एक ट्यूब आणि वजनाने पाचपट मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे साधारण 1400 ग्रॅम. 3 बाय 3 मीटरच्या टार्पला दोन हात पुरतात. आधी थोड्याच टर्पेंटाइनमध्ये घोटा, मग हळूहळू वाढवा. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. ट्यूबवर ‘अ‍ॅक्रिलिक’ असेल तर ठेवून द्या, ते टर्पेंटाइनमध्ये नीट विरघळत नाही. कापड कोटिंग नसलेलं नायलॉन हवं; पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगवर सिलिकॉन धरत नाही, सालपटं निघतात. शिवणीला एकास तीनचं घट्ट मिश्रण ब्रशने लावा. हे सगळं गच्चीवर, शेगडी-सिगरेटपासून लांब, आणि पावसाची उघडीप बघून.

तेल लागलेलं कापड टाकू नका. टर्पेंटाइनमध्ये दोनदा खळबळून घ्या, डिटर्जंटने धुवा, कडकडीत वाळवा. मग आधी कोपऱ्यात वीतभर जागेवरच लावून बघा.