असोल्या नारळाएवढा चेंडू: चार महिने वापरून

आधीच सांगतो, मी फुटबॉलचा माणूस. नाशिकमधल्या अंबडच्या कंपनीच्या टीममध्ये अकरा वर्षं लेफ्ट बॅक खेळलो आणि गुडघा गेल्यावर लाइनबाहेर उभं राहून आरडाओरडा करायला लागलो. रग्बीबद्दल माझं मत एवढंच होतं, की ज्यांना पायाने जमलं नाही त्यांनी चेंडू हातात उचलला. तेव्हा रग्बीच्या चेंडूचा हा अभिप्राय त्या हिशेबानेच वाचा.

चेंडू घेतला भाचीसाठी. ती बारा वर्षांची आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, सात-सात जणांची, सहा संघांची. ती हिने टीव्हीवर पाहिली आणि शाळेत सरावाला नाव दिलं. मग सुरू झालं, ‘मामा, घरी प्रॅक्टिसला बॉल पाहिजे.’ शालिमारच्या बाजूला एका दुकानात विचारलं. क्रिकेटच्या बॅटींच्या ढिगामागून दुकानदाराने एकुलता एक चेंडू काढला, पाच नंबरचा. फुटबॉल पाच नंबरचा, म्हणजे हाही पाचच, असा माझा सरळ हिशोब. ११५० रुपये दिले. घरी आणल्यावर पोरीचे पंजे काही त्याला पुरेनात. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना चार नंबर लागतो, हे नंतर कळलं. पिशवी फोडली म्हणून दुकानदाराने बदलून दिला नाही. चार नंबरचा ऑनलाइन मागवला, ९५० रुपयांना. म्हणजे घरात दोन चेंडू झाले आणि पाच नंबरचा आपोआप माझा. आता वाटतं, तो बदलून मिळाला असता तर हे लिहायची वेळच आली नसती.

दोन्ही सरावाचेच चेंडू. चार पाकळ्या, वरून रबर, त्यावर मोहरीएवढे दाणे. नव्या चेंडूची पकड झकास आहे. रिमझिम पावसात गोल्फ क्लबच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात खेळलो तरी हातातून निसटला नाही. मात्र चिखल दाण्यांच्या मधे जाऊन बसतो आणि वाळला की चेंडू साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो. जुन्या टूथब्रशने घासावा लागतो. बहिणीच्या घरी आता न्हाणीघरात चार जणांचे पाच ब्रश असतात.

हवेचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे मी फसलो. फुटबॉल दगडासारखा भरायची माझी सवय. सायकलवाल्याकडे नेऊन हाही तसाच भरला. भाचीने झेलला तो छातीवरून उडून थेट नाकावर. रग्बीच्या चेंडूत हवा साधारण साडेनऊ ते दहा पीएसआय दाबाची लागते. फुटबॉलला नियमाने पंधराच्या वरही चालते. अंगठ्याने दाबला की किंचित आत जायला हवा, मगच तो पोटाशी नीट बसतो. हवा दहा-बारा दिवस टिकते.

वजनाचं मला खरंच नवल वाटलं. पाच नंबरचा फुटबॉल ४१० ते ४५० ग्रॅम, रग्बीचा पाच नंबर ४१० ते ४६०. जवळपास तेवढंच! फरक काय तो आकाराचा. पूर्वी आत डुकराचं मूत्राशय फुगवून घालायचे, त्यामुळे चेंडू असा लांबट व्हायचा. इंग्लंडात रग्बी नावाच्या गावात जोडे शिवणारे विल्यम गिल्बर्ट शाळेतल्या पोरांना असे चेंडू शिवून द्यायचे.

या आकारानेच माझी जिरवली. लेफ्ट बॅकचं निम्मं आयुष्य टप्पा वाचण्यात जातं. चेंडू कुठे पडणार, किती उसळणार, आपण आधी कुठे जाऊन उभं राहायचं. पहिल्या रविवारी भाचीने उंच लाथ मारली. मी ऐटीत टप्प्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. चेंडू पडला आणि माझ्या गुडघ्याला वळसा घालून उजवीकडे पळाला. दुसऱ्यांदा डोक्यावरून गेला. तिसऱ्यांदा पडून चक्क तिच्याकडेच परत गेला. ‘मामा, पडायची वाट नाही बघायची. वरच्या वर घ्यायचा.’ अकरा वर्षांचं शहाणपण एका सकाळी वाहून गेलं.

पुढे पास द्यायचा नाही, फक्त मागे किंवा बाजूला, हा नियम मला वेडगळ वाटायचा. जायचंय पुढे आणि देतोय मागे! गुडघा सांभाळत चार रविवार तिच्याबरोबर पळालो तेव्हा उलगडलं. पुढे न्यायचा तर कुणीतरी स्वतः चेंडू घेऊन माणसांच्या भिंतीत घुसायला हवं. समोरचा पकडणार हे ठाऊक असतानाही. आपल्याकडे चढाईला जाणारा गडी करतो तेच, फक्त इथे दम घेऊन परत यायचं नाही. पकडला गेला, खाली पडला, की चेंडू सोडावा लागतो, आणि मग ज्याची माणसं आधी पोचतात त्यांचा. मागून येणारा वेळेवर आला नाही तर पुढच्याचं घुसणं फुकट. फुटबॉलमध्ये एकटा पोरगा पाच जणांना चकवून गोल करतो आणि आम्ही त्याचे फोटो लावतो. इथे असा एकटा फार लांब जात नाही.

भाचीने मला २०२३ च्या वर्ल्ड कपच्या फायनलचं रेकॉर्डिंग बसवून दाखवलं. दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. जिंकलेल्यांचा एकही ट्राय (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं) नाही, नुसत्या चार पेनल्टी, प्रत्येकी तीन गुणांची. न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केन पहिल्याच हाफमध्ये लाल कार्डावर बाहेर, तरी चौदा जणांत त्यांनी ट्राय केला. ट्रायचे पाच मिळाले, वरची दोन गुणांची किक हुकली. एका गुणाने हरले. आफ्रिकेच्या पीटर-स्टेफ ड्यु टॉइटने एकट्याने २८ पकडी केल्या. एक-शून्यवर जीव टांगून बसायची सवय असलेल्या माणसाला हे नीट कळतं. आणि रेफरीचा आवाज! तो काय बोलतोय ते सगळं घरबसल्या ऐकू येतं आणि त्याच्याशी वाद घालायला पाच जण अंगावर धावून जात नाहीत, बोलतो तो कॅप्टन. आमच्या कंपनीच्या सामन्यात थ्रोसाठीसुद्धा अर्धी टीम रेफरीच्या शर्टाला हात घालते. त्यात मीही असायचो.

कॅन्टीनमध्ये हल्ली मी एक गोष्ट सगळ्यांना ऐकवतो. कलकत्त्याचा रग्बी खेळणारा क्लब १८७८ मध्ये बंद पडला तेव्हा त्यांनी बँकेतले उरलेले चांदीचे रुपये वितळवून कप केला. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. त्या कलकत्ता कपासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड अजून भांडतात. दोघातिघांनी ‘बरं’ म्हणून डबा पुढे ओढला. असो.

किकचं राहिलं. चेंडू उभा ठेवायला टी लागते, ती सोबत येत नाही. आम्ही ओल्या मातीचा ढीग करतो, चालतं. दोन निलगिरींच्या मधून मारतो. खरे खांब ५.६ मीटर अंतरावर आणि आडवी दांडी ३ मीटरवर असते, आमची झाडं त्याहून लांब आहेत हे कबूल. ड्रॉप गोलमध्ये चेंडू आधी जमिनीवर टाकून उसळताना मारायचा असतो. माझा पहिला ड्रॉप गोल योगासनं करणाऱ्या काकूंच्या सतरंजीवर गेला. ‘अहो, लहान आहात का?’ एवढंच म्हणाल्या.

तक्रारी दोन. चार नंबरच्या एका टोकाची शिवण दीड महिन्यात उसवायला लागली. चप्पल शिवणाऱ्याने वीस रुपयांत नीट करून दिली आणि ती कंपनीच्या शिवणीपेक्षा घट्ट आहे. दुसरं म्हणजे वरची छपाई पार पुसली गेली, पण त्याचं मला काही नाही. पाचपैकी साडेतीन तारे चार नंबरला, आणि पाच नंबरला चार तारे. तो विकायचा विचार होता, पण आता रविवारी कंपनीतले तिघं येतात, त्यात आमचा गोलकीपरही. त्याला चेंडू हातात घ्यायची आधीपासून परवानगी असल्यामुळे तो जरा जास्तच उड्या मारतो.

हवा भरायची पिन फुटबॉलचीच चालते. घेताना दोन घ्या आणि आत घालण्याआधी थुंकी किंवा पाणी लावून ओली करा. माझी पहिली व्हॉल्वमध्येच मोडली.