गाडी बंद पडली तर फोन कुणाला: विम्याची मदत की नाक्यावरचा मेकॅनिक?

गणपती जवळ आले की स्वतःच्या गाडीने कोकणात निघणाऱ्या मुंबईकरांपुढे हा प्रश्न येतोच. विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे गाडी वाटेत बंद पडली की फोनवरून मिळणारी मदत, घ्यावा, की वेळ आलीच तर वाटेतला मेकॅनिक गाठावा? आमच्याकडे दोन्ही करून झालंय. दोन्ही वेळा गाडीत आई, बायको, मुलं आणि डिकी भरून सामान. तुमची गाडी किंवा रस्ता वेगळा असेल तर उत्तरही वेगळं निघू शकेल, हे आधीच सांगतो.

निम्मा निर्णय रस्ताच करतो. पुणे एक्सप्रेसवेने जाणार असाल तर फार डोकं लावू नका, असिस्टन्स घ्या. तिथे दुचाकीला बंदी आहे आणि मेकॅनिक येतो तो दुचाकीवरूनच. खोपोलीत कितीही ओळखीचा असला तरी घाटात तुमच्यापर्यंत पोचणार कसा? मुंबई-गोवा महामार्गाचं गणित उलटं. पनवेल-इंदापूर पट्ट्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं, त्यावर आपण सगळे इतकं बोललोय की इथे पुरे. पण वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड अशी गावं त्या वाटेवर आहेत आणि नाक्यावर पंक्चरवाला असतो. पंक्चरवाल्याला मेकॅनिक ठाऊक नाही असं मी तरी पाहिलेलं नाही.

आधी असिस्टन्सबद्दल. सुकेळी खिंडीच्या चढावर आमचा क्लच गेला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. फोनवरच्या बाईंनी पिनकोड विचारला. खिंडीला कसला आलाय पिनकोड! पण लोकेशन पाठवल्यावर काम मार्गी लागलं. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक, यायला वेळ लागला, तरी सणासुदीचं ट्रॅफिक बघता त्यात तक्रार नाही. आलेला माणूसही व्यवस्थित. विंचने गाडी अलगद वर घेतली, चाकांना पट्टे बांधले, चारी बाजूंनी फोटो काढले, सही घेतली. इथपर्यंत पैकीच्या पैकी मार्क.

मग तो म्हणाला, "केबिनमध्ये दोघंच बसतील हां साहेब."

माझा निर्णय खरं तर इथेच झाला. गाडीचा विमा होता, तेव्हा सोय झाली ती गाडीची. आम्ही मात्र रस्त्याच्या कडेला, भरधाव जाणाऱ्या कंटेनरच्या वाऱ्यात, सामानासकट. पॉलिसीत पुढच्या प्रवासासाठी टॅक्सी लिहिलेली होती, पण 'उपलब्धतेनुसार'. गणपतीत ती कुठून उपलब्ध होणार? एसट्या खच्चून भरलेल्या, हात दाखवला तरी थांबेनात. शेवटी आईला घेऊन मी केबिनमध्ये बसलो आणि बायको-मुलांना गावच्याच एकाने आपल्या गाडीत कोंबून नेलं. गाडी टेकली ती जवळच्या अधिकृत वर्कशॉपला. रविवार होता. गेटवर वॉचमन, "उद्या साहेब आले की जॉबकार्ड बनेल."

दुसऱ्या वेळी माणगावच्या कोंडीत टेम्परेचरचा काटा चढला. एसी बंद, हीटर फुल्ल करून गाडी कशीबशी कडेला आणली. बोनेटखालून हिरवं कूलंट ठिबकत होतं, रेडिएटरचा होज पाइप फाटलेला. पंक्चरवाल्याने फोन लावला आणि एक पोरगा मागे पिशवी टाकून आला. आईला पाहून आधी म्हणाला, "आजी, तुम्ही तिकडं दुकानात बसा, पंखा हाय." इंजिन निवेपर्यंत त्याने रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही. तोवर दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा होज काढला, हॅक्सॉच्या पात्याने मापात कापला, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. "मुंबईला गेल्यावर ओरिजनल टाकून घ्या," असंही बजावलं. वर, गाडी पुन्हा तापलीच तर पुढे सोडायला चुलतभावाची ईको व्हॅन तयार ठेवली होती. ती लागली नाही, पण त्या एका वाक्याने घरचे निवांत चहा प्यायले.

आता त्याचीही दुसरी बाजू. बिल मिळत नाही, सीझनला तो सांगेल तो भाव, आणि काम तात्पुरतंच. वॉरंटीतल्या नव्या गाडीत असं काही करायला मीही कचरेन. सेन्सरची भानगड असेल तर स्कॅनरशिवाय त्याचाही इलाज चालत नाही. इलेक्ट्रिक असेल तर फ्लॅटबेडच बोलवावी, ऑटोमॅटिक ओढून न्यायची वेळ आली तरी तीच. आणि रात्री-बेरात्री घाटात अडकलात तर नाक्यावरचं शटर कोण उघडणार? अशा वेळी असिस्टन्सचा नंबर हाताशी असलेला बरा. राष्ट्रीय महामार्गाची १०३३ ही हेल्पलाइनही आहे.

म्हणून असिस्टन्स, म्हणजे विम्याला जोडून घेतलेला तो अ‍ॅड-ऑन, मी बंद केलेला नाही. अ‍ॅड-ऑनला फार पैसे पडत नाहीत. फक्त कोकणच्या रस्त्यावर, दिवसाउजेडी, जुन्या मॅन्युअल गाडीला पहिला फोन आता तिकडे जात नाही. माणगावच्या त्या पोराचा नंबर मी 'होज' नावाने सेव्ह केलाय.

तुम्ही अ‍ॅड-ऑन घेणार असाल तर टोइंगचे किलोमीटर सगळेच विचारतात, ते विचाराच. पण गाडी उचलल्यावर आतल्या पाच माणसांचं काय, हेही एजंटला विचारून ठेवा. आमचा एजंट "बघून सांगतो" म्हणाला होता, अजून बघतोय.