जनरेटरवरच्या घरात स्टॅबिलायझर लावावा की ऑनलाइन यूपीएस?

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या दापोली-मंडणगडकडच्या कित्येक वाड्यांत लाईट परत यायला आठवडे लागले. त्यानंतर ज्याला जमलं त्याने जनरेटर घेतला. आम्हीही घेतला: अडीच केव्हीएचा, पेट्रोलवरचा, दोरी ओढून चालू करायचा. तो अंगणात धडधडायला लागला की त्याच्या आणि आतल्या टीव्ही-राउटर-लॅपटॉपच्या मध्ये काय बसवायचं, एवढ्यापुरतंच हे लिहितोय. स्टॅबिलायझर मी दोन पावसाळे वापरला, ऑनलाइन यूपीएस त्यानंतर आला.

जनरेटरची वीज सारखी वाईट नसते, लोड बदलताना वाईट असते. विहिरीवरचा पंप चालू झाला की इंजिन दबतं, पंखे आळसावतात, दिवे मिचमिचतात. डोळ्यांना दिसतं म्हणून आपण त्याला घाबरतो. पण राउटर-लॅपटॉपचे अडॅप्टर बहुधा 100 ते 240 व्होल्टवर चालणारे असतात, खाली गेलेलं ते निभावून नेतात. खरी भीती पंप बंद होतो तेव्हाची. ओझं एकदम उतरलं की इंजिन उधळतं आणि ते आवरेपर्यंत व्होल्टेज चढतं. माझ्या साध्या मल्टिमीटरवर मी 260 च्या पुढचा आकडा पाहिलाय, आणि मीटर बिचारं हळू, खरा आकडा त्याहून वरच असणार. ‘स्पाइक गार्ड आहे की’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की तो क्षणभराचा झटका गिळतो. सेकंद-दोन सेकंद चढून राहिलेलं व्होल्टेज त्याला पेलत नाही, मग तोच तापून जातो.

दुसरी गोष्ट हर्ट्झची, म्हणजे विजेची लहर सेकंदाला किती वेळा येते त्याची. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं तेव्हा 50 हर्ट्झ मिळतात, आणि लोड नसताना मेकॅनिक ते मुद्दाम थोडं वर लावून ठेवतात. आमच्या ओव्हनचं घड्याळ याच लहरी मोजून चालतं, आणि जनरेटरवर ते तासाला दोन-अडीच मिनिटं पुढे पळतं. हिशेब केला तर साधारण 52 हर्ट्झ झाले. इथे स्टॅबिलायझर काहीच करू शकत नाही. तो व्होल्टेज वर-खाली करतो, हर्ट्झ आणि लहरीचा आकार आला तसा पुढे पाठवतो.

पण मी स्टॅबिलायझर सोडला तो याच्यासाठी नाही. सोडला त्याच्या तीन मिनिटांच्या विश्रांतीमुळे.

पंप बंद होतो, व्होल्टेज उसळतं, स्टॅबिलायझर टक् करून आउटपुट तोडतो. बरोबर केलं, शाबास. पण मग डब्यावरचा पिवळा दिवा लागतो आणि तो तीन मिनिटं ढिम्म. त्यानंतर वीज सोडतो, मग राउटर आपले दिवे एकेक करून लावत बसतो, त्याला आणखी दोन मिनिटं. तोवर कोणीतरी वरच्या टाकीसाठी पुन्हा पंप लावलेला असतो. मुलीची ऑनलाइन तोंडी परीक्षा होती त्या दिवशी हे तासाभरात चार वेळा झालं. चौथ्यांदा ती काही बोलली नाही, नुसती त्या पिवळ्या दिव्याकडे बघत बसली. मीच जाऊन पंपाचा फ्यूज काढून खिशात टाकला.

गंमत अशी, की हीच तीन मिनिटं फ्रिजला हवी असतात. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आतला दाब उतरायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर तो पुन्हा सुरू होताना अडतो. म्हणजे स्टॅबिलायझर वाईट नाही, मी त्याला चुकीच्या ठिकाणी बसवला होता. आज तो फ्रिजपाशी आहे आणि तिथे त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. काही स्टॅबिलायझरवर ही वेळ कमी करायचं बटण असतं. तुमच्यावर असेल तर कदाचित तुमचं तेवढ्यात भागेलही.

मधला एक स्वस्त उपाय बरेच जण करतात, तो म्हणजे कॉम्प्युटरचा छोटा सहाशे व्हीएचा यूपीएस. मीही केला. त्याला जनरेटरची वीज पटतच नाही. बाहेर जनरेटर चालू, आत हा बॅटरीवर, पीं पीं करत, आणि पंधरा मिनिटांत बंद. घरच्या इन्व्हर्टरचंही तसंच. मागचं बटण यूपीएसवर ठेवलं तर तो जनरेटर नाकारतो, दुसऱ्या बाजूला केलं तर तीच कच्ची वीज घरात सोडतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे लाईनसारखी गुळगुळीत लहर देणारा असेल तर मात्र एक युक्ती चालते: जनरेटरने फक्त त्याची बॅटरी भरायची, नाजूक वस्तू तेवढा वेळ बंद ठेवायच्या, आणि जनरेटर थांबवून मग त्या बॅटरीवर लावायच्या. खर्च शून्य. धीर भरपूर हवा, मोठी बॅटरी तासा-दोन तासांत भरत नाही.

ऑनलाइन यूपीएस आलेल्या विजेची आधी डीसी करतो आणि त्यातून स्वतःची नवी एसी बनवतो. बाहेर इंजिन दबो, उधळो, आत व्होल्टेज तेच 230. मापं मी घेतलेली नाहीत. पण पंप सुरू होताना पंख्याचा सूर बदलतो आणि टीव्हीवरचं चित्र हलत नाही, हे रोज बघतो. राउटर तर जनरेटर चालू करताना नि थांबवतानाही जागाच असतो. एक लक्षात ठेवा: त्यात इको मोड असेल तर तो बंद करा. त्या मोडमध्ये बाहेरची वीज सरळ आत जाते आणि जास्तीचे पैसे भरल्याचा अर्थ राहत नाही.

दोष आहेतच. स्टॅबिलायझरच्या तीन-चार पट पैसे गेले. त्याचा पंखा दिवसरात्र घुमतो, आईच्या भाषेत ‘त्या खोक्याची घरघर’, म्हणून तो माजघरातून जिन्याखाली गेला. आपल्याकडे पाली आणि मुंग्या कुठल्याही उबदार फटीत शिरतात, त्यामुळे जाळीशिवाय ठेवू नका. फ्रिज, पंप, मिक्सर त्याच्यावर लावायचे नाहीत, एक केव्हीएला ते झेपत नाही. आणि बसवल्या दिवशीच त्याचा वायरिंगमध्ये दोष दाखवणारा लाल दिवा लागला. कारण बऱ्याच छोट्या जनरेटरांचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला नसतो. टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत मिणमिणत होता. हे स्वतः करू नका, जाणकार वायरमनकडून अर्थिंग आणि चेंजओव्हर (घर लाईनवर की जनरेटरवर, ते बदलणारा स्विच) एकाच वेळी करून घ्या. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर घरच्या सॉकेटात खुपसणारे महाभाग अजून दिसतात. ती वीज उलटी लाइनवर जाते, आणि खांबावर कोणीतरी चढलेला असतो.

इन्व्हर्टर जनरेटर, म्हणजे स्वतःच विजेची आधी डीसी आणि मग नवी एसी करून देणारा, घेतला तर या सगळ्यातलं बरंचसं टळतं, हेही खरं. नव्याने जनरेटरच घेणार असाल तर आधी तो बघा. मला घरातला चालू जनरेटर मोडीत काढायचा नव्हता.

आमच्याकडे आता जनरेटर चालू केल्यावर दोन मिनिटं तसाच फिरू देतो, मग चेंजओव्हर फिरवतो. बंद करताना उलट, आणि पेट्रोल संपून तो गचके खात बंद पडेपर्यंत कधी थांबत नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या यंदा मे महिन्यात बदलल्या, पावसाआधी. पंपाच्या फ्यूजला आता कोणी हात लावत नाही.