बर्फामुळे विद्यापीठ बंद : सूचना वेळेवर, पगाराचा हिशेब मात्र कच्चा

पहाटे 4:50 ला उशाशी फोन थरथरतो. ‘हवामानामुळे विद्यापीठ आज बंद राहील. अत्यावश्यक कर्मचाऱ्यांनी नेहमीच्या वेळी हजर राहावे.’ यातलं दुसरं वाक्य माझ्यासाठी असतं. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या एका सरकारी विद्यापीठात मी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची देखभाल करते. नोकरी कायम, पगार तासावर, आणि इथले 11 हिवाळे काढून झालेत. बंदच्या दिवशीची सूचना, हजेरी आणि पगार ही सगळी व्यवस्था इतक्यांदा वापरली आहे की तिच्याबद्दल नीट लिहावंसं वाटलं. आपल्याकडून शिकायला येऊन कॅम्पसवर काम धरणारी मुलं यातलं काहीच माहीत नसताना रुजू होतात, त्यांनी तर हे वाचावंच.

सूचनांचं काम चोख आहे. एसएमएस, ईमेल आणि फोन, तिन्ही पाच मिनिटांच्या आत येतात, आणि माझी सहाची पाळी असूनही निघायला वेळ मिळतो. या यंत्रणेमागे कायदा आहे. कॅम्पसवरच्या सुरक्षिततेचा क्लेरी कायदा 1990 चा. 16 एप्रिल 2007 ला व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात गोळीबार झाला, आणि त्यानंतर 2008 मध्ये जिवाला धोका असेल तेव्हा लगेच सूचना देण्याचं बंधन त्यात आलं. आमच्याकडे त्याच वाटेने बर्फाची खबरही येते. पूर्वी संदेशात ‘उशिरा, 10 वाजता सुरू’ एवढंच असायचं आणि सहाच्या पाळीवाल्यांनी काय करायचं ते कळायचं नाही. आम्ही तक्रार केली, तेव्हापासून ‘नेहमीच्या वेळी’ हे शब्द आले. ऐकून घेतलं, याचे गुण मी मनापासून देते.

आम्हाला का यावं लागतं, असं पुष्कळ जण विचारतात. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना रोज कुणीतरी बघायलाच हवं, रविवार असो की सणाचा दिवस, असा देशभर पाळला जाणारा दंडक आहे. माझ्याकडे पाच खोल्या आहेत. दारातल्या खिडकीतून आधी तापमान आणि आर्द्रतेचा आकडा बघायचा, मग एकेक पिंजरा किंचित पुढे ओढून आत नजर टाकायची. पाण्याची नळी गळली असेल तर खालचा भुसा गडद दिसतो, आणि तेवढी ओल रात्रभर राहिली तर पिल्लं गारठून मरतात. 12 तास दिवा, 12 तास अंधार, त्यात खंड पडला की कुणाचा तरी दोन वर्षांचा अभ्यास वाया जातो. हे घरून होणारं काम नाही. त्यामुळे अत्यावश्यक म्हणवून घ्यायला माझी अजिबात हरकत नाही.

आता पगार. नवीन माणूस गोंधळतो तो इथेच.

महिन्याच्या ठरलेल्या पगारावरचे लोक, म्हणजे ज्यांना ओव्हरटाइमचा नियम लागू नाही, त्यांनी त्या आठवड्यात थोडंही काम केलं असेल तर विद्यापीठाने स्वतःहून बंद ठेवलेल्या दिवसाचा पगार कापता येत नाही. त्यांच्या शिल्लक रजेतून तो दिवस वळता करू शकतात. तासावर काम करणाऱ्यांचं वेगळं. 1938 चा संघीय मजुरी कायदा फक्त केलेल्या तासांचे पैसे द्यायला लावतो. बंदच्या दिवशी घरी बसलेल्याला पैसे मिळाले तर ते संस्थेच्या धोरणामुळे किंवा युनियनच्या करारामुळे, कायद्यामुळे नव्हे. आमच्याकडे करार चांगला आहे. कायम कर्मचाऱ्याला घरी बसूनही त्या पाळीचे तास मिळतात, आणि आम्ही जे येतो त्यांना कामाचा पगार आणि वर तितक्याच तासांची रजा. हा करार मिळवायला ज्या जुन्या लोकांनी वर्षानुवर्षं बैठका केल्या, त्यांचे उपकार आहेत आमच्यावर.

पण करार चांगला असून भागत नाही, टाइमशीट भरताना तो हातात यावा लागतो. ओव्हरटाइमचंच बघा. आठवड्यात 40 तासांवर काम झालं की दीडपट दर, हे सगळ्यांना पाठ असतं. ते 40 तास प्रत्यक्ष केलेल्या कामाचे लागतात, हे कुणी सांगत नाही. माझी एक सहकारी गुरुवारी बंदमुळे घरी होती, तिला 8 तास मिळाले. शनिवारी कुणी नव्हतं म्हणून तिला बोलावलं. पगारपत्रकावर 48 तास दिसले आणि तिने दीडपटीची आशा धरली. पण काम झालं होतं बरोबर 40 तास, म्हणून सगळे तास साध्या दराने. नियमाने ते बरोबरच होतं. मात्र शनिवारी यायच्या आधी हे तिला ठाऊक असायला हवं होतं, आणि पगार विभागाच्या माहितीच्या पानावर याचं एकही उदाहरण नाही.

माझा स्वतःचा अनुभव गेल्या फेब्रुवारीतला. रविवारी दुपारी वादळाचा इशारा आला. वाऱ्याचा वेग ताशी 35 मैलांच्या वर आणि पाव मैलापलीकडचं दिसत नाही, असं तीन तास टिकलं तर इथलं हवामान खातं त्याला ब्लिझर्ड म्हणतं. त्या रात्री तेच होणार होतं. सोमवारी सकाळी रस्ते उघडे असतील याची खात्री नव्हती, म्हणून वरिष्ठांनी मला आणि आणखी एकीला रात्री इमारतीतच थांबायला सांगितलं. संध्याकाळी सहाला पोचलो. 25 मिनिटांच्या वाटेला दीड तास लागला, पण घरून कामावर येण्याचा वेळ सहसा पगारात धरत नाहीत, तो सोडून दिला. जेवणाच्या खोलीत दोन घडीच्या खाटा टाकल्या. अकराला पाठ टेकली. पहाटे चारला उठून फेरी सुरू केली, आणि बदली येऊन आम्ही सुटलो तेव्हा सोमवारचे दुपारचे दोन वाजले होते. एकूण 20 तास.

टाइमशीट परत आलं. झोपेचे 5 तास लाल खुणेने कापलेले.

मी भांडखोर बाई नाही, पण त्या खुणेने मला खरोखर लागलं. बाहेर काही दिसत नव्हतं, घरी जाता येत नव्हतं, आणि गजर वाजला असता तर पहिलं मलाच धावायचं होतं. मी संघीय मजूर खात्याचे नियम काढून वाचले. कामावर राहायला सांगितलेली वेळ 24 तासांपेक्षा कमी असेल, तर मध्ये झोपायची मुभा मिळाली तरी तो सगळा वेळ कामाचाच. झोपेचे तास वगळता येतात ते 24 तास किंवा जास्त ड्यूटी असेल तेव्हा, तेही आधी तसं ठरलेलं असेल, झोपायची नीट सोय असेल आणि निदान 5 तास झोप मिळाली असेल तर. मी हे चार ओळींत लिहून वरिष्ठांना दिलं. त्यांनी माझी बाजू घेतली, पगार विभागाला स्वतः फोन केला, आणि पुढच्या पगारात 5 तास आले. माझ्या सोबतिणीने तर टाइमशीटवर मुकाट सही केलेली होती. मी बोलले म्हणून तिचेही मिळाले.

तरी मी सुरक्षित जागी आहे. खरी झळ बसते ती विद्यार्थ्यांना. ग्रंथालयात टेबलावर बसणारा आपल्याकडचा एक मुलगा मला काकू म्हणतो. पहिल्या बर्फाला त्याचा आनंदाने फोन आला, “काकू, उद्या सुट्टी! पैसे तर मिळणारच ना?” नाही मिळत. विद्यार्थी कामगारांना आमच्याकडे केलेल्या तासांचेच पैसे. सोमवार-मंगळवार बंद राहिलं आणि त्याचे 9 तास गेले, तासाला 16 डॉलरने 144 डॉलर. तो म्हणाला, “पुढच्या आठवड्यात जादा बसून भरून काढतो.” तेही जमत नाही. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांचीच परवानगी, आणि त्याचे 20 दर आठवड्याला भरलेलेच असतात. बर्फात गेलेला तास त्याच्यासाठी कायमचा जातो. चुकूनही 29 तास भरू नकोस, व्हिसावर येईल, हे मी त्याला दोनदा बजावलं. 144 डॉलर म्हणजे त्याचा महिन्याचा किराणा. हे लिहिताना अजून पोटात तुटतं.

भोजनगृहात काम करणाऱ्या बायकांचंही असंच. वसतिगृहातली मुलं बंदच्या दिवशीही जेवतात, म्हणून त्या येतात, आमच्याइतक्याच अत्यावश्यक. पण त्या बायका कंत्राटदाराची माणसं, विद्यापीठाचा करार त्यांना लागू नाही, वरची रजा नाही. त्या सोमवारी रात्रभर थांबून दमलेल्या आम्हा दोघींना त्यांच्यातल्या एकीने गरम सूप आणून दिलं. तिला मिळाला तो नेहमीचा तासाचा दर.

तर या व्यवस्थेला माझे पाचपैकी तारे: सूचनेला पाच, प्रत्यक्ष वरिष्ठांना पाच, पगार विभागाच्या हिशेबाला दोन, विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक.

नव्याने येणाऱ्यांनी रुजू होतानाच विचारून घ्या की आपण अत्यावश्यक यादीत आहोत का, आणि उत्तर लेखी मागा. बंदच्या दिवशी आल्याची-गेल्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहा, थांबायला कुणी सांगितलं तेही लिहा. माझी वही लॉकरमध्ये असते, कोरडे मोजे आणि टॉर्चच्या शेजारी. ग्रंथालयातल्या मुलालाही मी तशीच एक दिली आहे. हुकलेले तास त्याच सत्रात दुसऱ्या कुठल्या रूपाने देता येतील का, असा अर्ज तो आणि आणखी काही विद्यार्थी मिळून लिहिताहेत. त्याचा मसुदा काल रात्री माझ्याकडे वाचायला आला.