आल्टेअर ८८०० ची घरी जोडायची प्रतिकृती: परभणीतला अनुभव

मी परभणीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. विद्यार्थ्यांना संगणक आतून दाखवता यावा, म्हणून आल्टेअर ८८०० या जुन्या संगणकाची छोटी प्रतिकृती मी सुट्या भागांत मागवली. साडेआठ हजार रुपये लागले आणि जोडणीत मे महिन्यातल्या चार दुपारी गेल्या; पंख्याच्या वाऱ्याने सोल्डरिंग आयर्नचे टोक निवते, त्यामुळे त्या उकाड्यात पंखा बंद करूनच बसावे लागले.

मूळ यंत्र एड रॉबर्ट्स यांचे. अमेरिकी हवाई दलात असतानाच त्यांनी १९६९ मध्ये तिथल्या आल्बुकर्क शहरात मित्रांसह एमआयटीएस ही कंपनी काढली. पुढे ती विकत असलेल्या कॅल्क्युलेटरच्या किमती कोसळून ती कर्जात बुडाली, तेव्हा इंटेलच्या ८०८० प्रोसेसरवरचा संगणक ३९७ डॉलरला सुट्या भागांत विकण्याचे धाडस त्यांनी केले. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर तो झळकला आणि काहीशे मागण्यांची अपेक्षा असताना हजारो आल्या.

प्रतिकृतीची खरी किंमत तिच्या खटक्यांत आहे. मूळ यंत्राप्रमाणेच हिला पडदा नाही, कळफलक नाही. ‘जंप’ (प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या जागी उडी घे) हा आदेश द्यायचा तर आठ खटके दोन वर, चार खाली, दोन वर असे लावून ‘डिपॉझिट’ हा मेमरीत साठवण्याचा खटका दाबावा लागतो. दोन आकड्यांची बेरीज लाल दिव्यांत उमटली तेव्हा मुले टेबलाभोवती दाटून उभी होती. तेवढ्यात लाईट गेली आणि भरलेले सारे पुसले गेले. मेमरी म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी समजले.

माहितीपत्रक मात्र निकृष्ट आहे. दोन रेझिस्टरची ओहममधली मूल्ये उलटसुलट छापल्याने दिव्यांची एक ओळ पेटेना, आणि विक्रेत्याचे उत्तर यायला आठ दिवस लागले. त्याहून खटकले ते हे, की त्यात या यंत्रासाठी बेसिक ही संगणकभाषा लिहिणाऱ्या बिल गेट्स यांच्यावर अर्धे पान आहे आणि रॉबर्ट्स यांच्यावर एकच ओळ. तरुणपणी डॉक्टर व्हायची इच्छा असलेल्या या माणसाने १९७७ मध्ये कंपनी विकली, अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात शेती केली, पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, १९८६ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली आणि पुढे कॉक्रन या छोट्या गावात दवाखाना चालवला. वर्गात हे मी स्वतः सांगितले. जिंतूर-पाथरीकडच्या खेड्यांतून येणाऱ्या माझ्या मुलांना गावात डॉक्टर असण्याचे मोल सांगावे लागत नाही.

सोल्डरिंगचा हात बसलेला असेल तर ही प्रतिकृती जरूर घ्यावी. फक्त प्रत्येक रेझिस्टर बसवण्यापूर्वी मल्टीमीटरवर तपासावा.