गोल्फ क्लबची मेंबरशिप घ्यावी का पैसे भरून खेळावं? संभाजीनगरहून बघितलं तर

दिवाळीपासून तीन जणांनी फोन करून हेच विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. तिघंही आपल्या वाळूज-शेंद्र्याकडचेच, तिघांनाही गोल्फ लागलाय आणि लागायचं कारण पण एकच, कस्टमर. ऑरिक औद्योगिक नगरीत कोरियन आले, जर्मन-जपानी त्याच्या आधीपासून होतेच, आणि ही मंडळी रविवारी हॉटेलात बसून राहत नाहीत, पुण्याला जाऊन खेळतात, मग एक दिवस तुम्हाला पण चला म्हणतात, तुम्ही जाता, अन् तिथं कळतं की एवढासा बॉल समोर गप पडलेला असून पण आपल्याला लागत नाही. माझं तसंच झालं. पहिल्या दिवशी सहा बॉल पाण्यात घातले, साहेब लोक हसले नाहीत, तेच जास्त लागलं. त्याला आता चार वर्षं झाली. शेडच्या मागं कॉम्प्रेसरशेजारी मासे धरायची जाळी दुहेरी करून बांधलीय, पैठणहून आणलेली, तिच्यात रोज संध्याकाळी पन्नास बॉल मारतो. पोरं हसतात. हसू द्या.

तर मुद्दा. पब्लिक कोर्स, म्हणजे कोणीही पैसे भरून खेळावं असं गोल्फचं मैदान, म्हणलं की लोकांना वाटतं विदेशासारखं गावोगावी असतंय, महापालिकेच्या बागेसारखं. आपल्या देशात तसं नाहीये. खरोखर पब्लिक म्हणावीत अशी मोजकीच, दिल्लीला डीडीएचं (दिल्ली विकास प्राधिकरणाचं) कुतुब गोल्फ कोर्स आहे लाडो सरायला, इकडं सिडकोचं खारघर व्हॅलीचं. बाकी जिथं आपण पैसे भरून खेळतो ती बहुतेक क्लबांची किंवा रिसॉर्टचीच कोर्स असतात, बाहेरच्याला ग्रीन फी (एका वेळच्या खेळाचे पैसे) घेऊन खेळू देतात एवढंच. म्हणजे तुलना खरं तर मेंबर म्हणून आत जायचं का पाहुणा म्हणून, अशी आहे. लष्कराची कोर्स पण बऱ्याच ठिकाणी आहेत पण तिथं पहिला हक्क लष्कराच्या लोकांचा, आपला नंबर लागला तर लागला. आणि नाशिकला रिक्षावाल्याला गोल्फ क्लब म्हणलं तर तो बरोबर नेऊन सोडेल, पण तिथं क्रिकेट चालतंय आणि सकाळी लोक चालायला येतात, त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, गोल्फ फक्त जुन्या नावात राहिलाय. मी एकदा किट गाडीत टाकून गेलतो म्हणून सांगतो.

आता हिशोब, कारण आपल्याला शेवटी तोच कळतो. प्रत्येक क्लबचा रेट वेगळा आणि दरवर्षी बदलतो, म्हणून आकडे माझे समजायला घेतलेले आहेत, तुमच्या क्लबचे त्या जागी टाका. समजा एंट्री फी 5 लाख. त्याच्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 5 लाख 90 हजार. मला एका क्लबात (नाव नको) तोंडी आकडा सांगितला तो जीएसटी सोडून होता, फॉर्म हातात आला तेव्हा कळलं, त्यामुळं पहिला प्रश्न हाच विचारा की टॅक्स धरून किती. मग महिन्याचं सबस्क्रिप्शन, समजा 3 हजार, टॅक्ससकट 3,540, वर्षाचे 42,480, आणि हे तुम्ही गेला नाही तरी भरायचं. एंट्री फी दहा वर्षांत वाटली तर वर्षाला 59 हजार. दोन्ही मिळून 1 लाख 1 हजार 480. एफडीचं व्याज सोडूनच दिलं, ते 7 टक्क्यांनी पहिल्या वर्षीच 41,300 होतंय. आता बाहेरच्याला एका राउंडला (एक पूर्ण डाव, अठरा होल म्हणजे बॉल घालायचे अठरा खड्डे) समजा 3 हजार पडतात आणि मेंबरला 500, म्हणजे एका राउंडला वाचले अडीच हजार. मग वर्षाला 41 राउंड खेळलं तर मेंबरशिप वसूल. एक्केचाळीस! महिन्याला साडेतीनच्या आसपास.

इथं थांबा आणि स्वतःला खरं खरं सांगा की किती खेळणार. मी गाडीच्या डॅशबोर्डमधली स्कोअरकार्डं काढून मोजली, मला वाटत होतं वीस-पंचवीस तरी झाली असतील, निघाली अकरा. त्यातली दोन पावसानं नऊ होलवरच सोडून दिलेली.

आणि अकराच का, तर रस्ता. संभाजीनगर ते पुणे 235 किलोमीटर, जाऊन येऊन 470, माझी गाडी पंधराचं अ‍ॅव्हरेज देती, पेट्रोल सव्वातीन हजाराचं, टोल वेगळा, आणि नगर रोडनं शिक्रापूर ओलांडलं की वाघोलीत जो काय जीव जातो ते वेगळं सांगायला नको. येरवड्याचं पूना क्लबचं कोर्स आपल्याकडून शिरताना अलीकडंच पडतं हे त्यातल्या त्यात बरं. सकाळी पावणेसातचा टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) असला तर रात्री एकला घर सोडावं लागतं नाहीतर आदल्या दिवशी जाऊन राहावं लागतं. अठरा होलला चार-साडेचार तास, गर्दी असली तर पाच, चालणं आठ-दहा किलोमीटर, परत पाच तास गाडी. हा पेट्रोलचा खर्च मेंबर असो का पाहुणा, दोघांना सारखाच, म्हणून हिशोबात लोक तो धरत नाहीत, पण तुमचे राउंड वर्षाला अकरा होणार का एक्केचाळीस हे तोच ठरवतो. पुण्यात राहणाऱ्यानं आणि आपण एकच हिशोब मांडून चालत नाही. तो ऑफिसच्या आधी नऊ होल मारून जातो, आपल्याला नऊ होलसाठी नगर ओलांडावं लागतं.

मग लोक मेंबरशिप घेतात काहून? फक्त खेळासाठी घेत नाहीत, हे मला चार वर्षांत कळलं. मेंबर झालं की रविवार सकाळचा टाइम मिळतो, पाहुण्याला बहुतेक ठिकाणी दुपारचा नाहीतर मंगळवार-बुधवारचा, आणि आपल्याकडच्या माणसाला मे महिन्यात दुपारी दीडचा टी टाइम दिला तर तो खेळ नाही, ती शिक्षा आहे. दुसरं, मेंबर पाहुणा घेऊन जाऊ शकतो. हे धंद्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोठं. कस्टमर तुम्हाला घेऊन जातो आणि तुम्ही कस्टमरला घेऊन जाता यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पैसे कोण भरतो याच्यापेक्षा यजमान कोण हे बघतात ही मंडळी. पण गेस्टची फी पण विचारून घ्या, महिन्याला किती गेस्ट चालतात ते पण. तिसरं, दुसऱ्या गावच्या क्लबांशी त्यांचं देणंघेणं असतं, तिथं पण तुमचं कार्ड चालतं, फिरतीवर असणाऱ्याला कामाचं.

चौथं हँडिकॅप, आणि याच्यावर थोडं जास्त बोलायला पाहिजे कारण आपल्याकडं कोणी सांगत नाही. हँडिकॅप म्हणजे तुम्ही किती कच्चे आहात त्याचा आकडा, जास्तीत जास्त 54, आणि 2020 पासून जगभर एकच पद्धत आलीय. त्याच्यामुळं चार वर्षांचा मी आणि वीस वर्षं खेळलेला कोरियन साहेब बरोबरीनं मॅच खेळू शकतो, त्याला फटके कमी लागतात, माझ्या फटक्यांतून माझा आकडा वजा होतो, अशा पद्धतीनं. कबड्डी-क्रिकेटमध्ये अशी सोय नाही. पण हा आकडा साधारणपणे क्लबमार्फतच मिळतो, आणि काही कोर्सवर पाहुण्याला आत सोडताना तोच विचारतात. म्हणजे क्लब नाही म्हणून हँडिकॅप नाही आणि हँडिकॅप नाही म्हणून खेळू देत नाहीत, आपल्या जातपडताळणीसारखं चक्र. स्पर्धा खेळायच्या असतील तर मग मेंबरशिपला पर्याय कमी आहे, हे मान्य. पण महागातला क्लबच पाहिजे असं नाही, छोट्या नऊ होलच्या क्लबची स्वस्त मेंबरशिप घेऊन पण हे काम होऊ शकतं, विचारून बघा.

कागदावरच्या गोष्टी पटकन सांगतो. मेंबरशिप ट्रान्सफर होते का, बहुतेक नाही होत. तुमच्यानंतर बायकोला मिळते का. कॉर्पोरेट (कंपनीच्या नावावरची) घेतली तर नॉमिनी, म्हणजे कंपनीतर्फे खेळणारा माणूस, बदलायचे पैसे किती, आणि ती किती वर्षांची, कारण कॉर्पोरेट बहुतेक कायमची नसते. खाण्यापिण्याचं मिनिमम बिल लावतात का. बाहेरगावच्या मेंबरचा वेगळा प्रकार आहे का, ही गोष्ट आपण विचारतच नाही आणि आपल्यासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची, बऱ्याच क्लबांत आउटस्टेशन मेंबरचं सबस्क्रिप्शन कमी असतंय. आणि सूचक-अनुमोदक लागतात, दोन जुने मेंबर, नुसता चेक घेऊन गेलं की झालं असं नाही.

पैसे भरून खेळण्यात मजा काय, तर कोर्स बदलता येतं. पुण्याजवळ लवळ्याचं डोंगरावरचं बघा, चढउतार असा की आपल्या मैदानी माणसाचे गुडघे बोलायला लागतात. खारघरचं डोंगराच्या कुशीतलं बघा, समृद्धी 5 जून 2025 ला आमण्यापर्यंत पूर्ण उघडल्यापासून तिकडं जाणं वाघोलीपेक्षा डोक्याला शांत वाटतं, अंतर जास्त असलं तरी. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्यांनी तर पुण्याचा नादच सोडावा, हैदराबाद बरं, तिथं गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात कोर्स आहे, तटबंदी बघत बघत खेळायचं, निजामाच्या मुलखातून निघून किल्ल्यात बॉल हरवायचा. जायच्या आधी फोन मात्र करा, कुठंही, स्पर्धा असली की बाहेरच्याला बंद. तोटा हा की ओळख होत नाही. दर वेळी नवीन कॅडी (आपली बॅग उचलणारा), नवीन चौकडी (सोबत खेळणारे चौघं), आणि कधी कधी पुढची चौकडी अशी हळू की प्रत्येक फटक्याच्या आधी पंचांग बघायलेत वाटतं.

कॅडीवरून आठवलं. मागच्या जानेवारीत पुण्यात एक कॅडी मिळाला, मी आपला पाच नंबरची काठी काढायलो तर म्हणला, "सर, सात घ्या, पाचनं तुम्ही जोर लावता." बोलण्यावरून वाटलं आपल्याकडचा, विचारलं तर आष्टीचा निघाला, बीड जिल्हा. मग काय अठरा होल गप्पा. त्याला म्हणलं मेंबरशिप घ्यावी म्हणतो, तर तो बॅग खांद्यावरून उतरवत म्हणला, "काहून घेता? इथले कितीतरी मेंबर महिनामहिना दिसत नाहीत. आले तर जेवायला येतात." मग थोडं थांबून, "पण तुम्ही घेतली तर मला बोलवा." दोन्ही बाजूंनी बोलला, पण पहिलं वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

पाण्याचं पण बोलतो, कोणी विचारत नाही तरी. मी मूळचा लातूरचा. 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा आई त्या पाण्याची वाट बघत होती, 50 वाघिणी, 25 लाख लिटर, आणि आज मी शंभरेक एकर हिरव्या गवतावर उभा राहून कोणता क्लब बरा याचा विचार करायलोय, हे कधी कधी टोचतं. त्यामुळं मी जिथं जातो तिथं विचारतो की पाणी कुठलं वापरता, काही ठिकाणी सांडपाणी शुद्ध करून वापरतात, काही ठिकाणी उत्तरच देत नाहीत. आपल्याकडं कधी कोर्स व्हावं असं माझे मित्र म्हणतात, मी म्हणतो करायचं तर ब्राउन्सचं करा, जिथं ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, जागी तेल मिसळून दाबलेली वाळू असते, गवत नाहीच, आपल्या देशात असली कोर्स आहेत. बॉल वेगळा पळतो, पण उन्हाळ्यात टँकर मागवावा लागत नाही.

माझं उत्तर मी देऊन टाकलंय, अकरा राउंडवाल्यानं ग्रीन फी भरावी आणि गप खेळावं. पहिल्या फोनवाल्याला तेच सांगितलं, त्याला गोल्फपेक्षा गाडीच्या काचेवर क्लबचं स्टिकर पाहिजे होतं, तो थोडा नाराज झाला. दुसरा आत्ताच सुरुवात करायलाय, त्याला म्हणलं अजून वर्षभर जाळीत मार, काठ्यांचा अर्धा सेट पुरे, चौदा काठ्यांची बॅग घेऊन काय करणार. तिसऱ्याला मात्र घे म्हणलं. त्याची मुलगी पुण्यात शिकती, खराडीला फ्लॅट घेतलाय, नवरा-बायको दर शनिवारी तसेही जातातच, म्हणजे पेट्रोल आधीच जळतंय आणि मुक्काम फुकट. तो वर्षाला पन्नास राउंड सहज खेळेल, रविवारी सकाळचा टाइम त्याला पाहिजेच, आणि वाळूजचा जर्मन कस्टमर पण त्याच्याकडंच आहे. लगेच फॉर्म आणला त्यानं. परवा रात्री फोन केला की सूचक म्हणून सही तू कर, जुना खेळाडू आहेस. म्हणलं बाबा, मी कुठं मेंबर आहे! आता तो मेंबर शोधत फिरायलाय, आणि झाला की पहिला गेस्ट मी, हे ठरलंय, गेस्टची फी त्यानं भरायची.