ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठसाखरेच्या पाण्याची पुडी (सरकारी, फुकटवाली) - आमचा अनुभव

आम्ही हर्णैचे. गेल्या जुलैत माझ्या सव्वा वर्षाच्या मुलाला जुलाब लागले. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद म्हणजे घरात पैशाची ओढाताण, त्यात विहिरीचं पाणी गढूळ. आधी मी दुकानातून ओआरएस लिहिलेला फळांच्या चवीचा टेट्रापॅक आणला, आवडीने प्यायला पण जुलाब अजून वाढले. असल्या गोड पेयांवर ओआरएस लिहायला एफएसएसएआयने (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) ऑक्टोबर 2025 मधे बंदी घातली, आमच्यासाठी उशीरच झाला.

संध्याकाळी आशाताई भर पावसात पुड्या आणि झिंकच्या गोळ्या देऊन गेल्या. म्हणाल्या, अख्खी पुडी एक लिटर पाण्यात, अर्धीमुर्धी करू नको, दर जुलाबानंतर चमच्याने पाज. पाणी उकळून गार केलं, लिटरच्या बाटलीने मोजलं. चव डोळ्यातल्या पाण्यासारखी. पहिले चार चमचे ओकला, दहा मिनिटं थांबून परत हळूहळू सुरू केलं. सासूबाई म्हणत होत्या, अगो पाणी बंद कर, पोट अजून सुटेल. त्यांच्या वेळी तसंच करायचे, आणि त्यांची पहिली मुलगी त्यातच गेली. पहाटे चारला दुपटं ओलं झालं, लघवी झाली म्हणजे अंगात पाणी टिकलं, ते बघून मी रडलेच.

माझी बहीण नर्स आहे, तिने सांगितलं की 1971 ला पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठसाखरेचं पाणी पाजलं आणि मृत्यू 30 टक्क्यांवरून 4 च्या खाली आले. मग बांगलादेशात ब्रॅक नावाच्या संस्थेच्या बायकांनी घरोघरी जाऊन आयांना शिकवलं, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर (साधारण अर्धा लिटर) पाणी. तिथे 1990 ला हजारातली 140 च्या वर मुलं पाच वर्षांच्या आत जायची, आता 30 च्या आसपास. उलट आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीत तेलाचा पैसा आहे तरी हा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे देशाकडे पैसा असून भागत नाही, आईला माहिती पाहिजे आणि पुडी तिच्या हाताशी पाहिजे.

पुडीला पाचपैकी पाच. झिंक मात्र पूर्ण 14 दिवस द्या, जुलाब थांबले की आपण सोडतो. तक्रार एकच, आमच्या पुडीवरच्या सूचना बारीक इंग्रजीत होत्या. मोठ्या अक्षरात मराठीत छापा हो, सासूबाईंना वाचता येतं.